स्टाफ धरणारा माणूस

माझे वडील सर्व्हे ऑफ इंडियात खलाशी होते. हे वाक्य मी चाळिशी उलटेपर्यंत कोणासमोर धड उच्चारलं नाही. शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला की 'सेंट्रल गव्हर्नमेंट' असं सांगायचो. लग्नाच्या बोलणीत 'सर्वेक्षण विभागात आहेत' एवढ्यावर भागवलं. समोरच्याने त्यांना अधिकारी समजावं अशी माझी इच्छा असायची, आणि तो तसं समजला तर मी दुरुस्ती करायचो नाही. आपण खोटं तर बोललो नाही, असं स्वतःला पटवता येत होतं. आता वाटतं, सरळ खोटं बोललो असतो तर निदान लाज वाटते हे तरी मान्य झालं असतं.

सर्व्हेतला खलाशी म्हणजे मोजणीला निघणाऱ्या पार्टीतला सगळ्यात खालचा माणूस. तंबू ठोकायचा, तिपाई आणि यंत्राच्या पेट्या वाहायच्या, साखळी ओढायची, डोंगरावर चढून झेंडा लावायचा, दगडांची रास रचून खूण करायची. आणि साहेब दुर्बिणीतून बघत असताना समोर लांबवर स्टाफ धरून उभं राहायचं. स्टाफ म्हणजे आकडे रंगवलेली उंच लाकडी पट्टी. आबा, म्हणजे माझे वडील, तिला काठीच म्हणायचे. ते पुण्याच्या एका पार्टीत लागले, पुढे एका साहेबांबरोबर वर उत्तरेला गेले आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी लडाखात काढली. तिकडे कामाचा हंगाम उन्हाळा-पावसाळ्याचा, म्हणजे आमच्या वारणाकाठी पाऊस कोसळत असायचा तेव्हा आबा पाऊस नसलेल्या मुलखात असायचे. लेहला अख्ख्या वर्षात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आमच्या पन्हाळ्यावर जुलैतला एखादा दिवस तेवढा ओततो. थंडी पडली की ते आमच्या गावी, कोडोलीला यायचे. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले, नाकाचं कातडं सोललेलं. आई दुधाची साय लावायला द्यायची. काय केलंत, कुठे होतात, हे मी विचारत नसे. त्या भागाच्या नकाशांच्या शीटा सरहद्दीच्या म्हणून बंद असायच्या, सामान्य माणसाला मिळत नसत, आणि आबांनाही न विचारता बोलायची सवय नव्हती.

पुढे मी भूगोलाचा प्राध्यापक झालो. पोटाला नकाशेच आले.

टोपोशीट, म्हणजे सर्व्हेचा तपशीलवार नकाशा, वाचायला शिकवणं हा माझा आवडता तास. आमचा पन्हाळ्याकडचा भाग ४७ एल या शीटमध्ये येतो. त्यातल्या अक्षांश-रेखांशांच्या पंधरा मिनिटांच्या पहिल्या चौकोनात पन्हाळा, जोतिबा, कोडोली असं सगळं सापडतं, कोल्हापूर शहर मात्र त्याच्या खालच्या चौकोनात जातं. मुलांना स्वतःचं गाव शीटवर सापडलं की त्यांचे चेहरे उजळतात. परीक्षेत प्रश्न ठरलेले: भूउठाव, जलप्रणाली, वस्ती, शेती, वाहतूक. या सवयीने माझी एक समजूत पक्की झाली होती. ज्या मुलखात वस्ती नाही, शेती नाही, रस्ता नाही, तो नकाशाच्या दृष्टीने सोपा. वाळू, दगड आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा, एवढंच. वर्गात मी लडाखबद्दल बोलताना 'रिकामा प्रदेश' असा शब्द सर्रास वापरायचो. त्या रिकाम्या प्रदेशात माझ्या बापाने उमेदीची वर्षं घालवली होती, आणि ती वाया गेली असं मला मनातून वाटायचं.

दुसरी समजूत त्याहून वाईट होती. नकाशा करतो तो दुर्बिणीमागचा माणूस, असं मी मानायचो. फळ्यावर नावं लिहायचो ती विल्यम लँबटन, जॉर्ज एव्हरेस्ट, टी. जी. मॉन्टगोमेरी. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून लँबटनने सुरू केलेलं काम, अर्ध्या टनाचा त्याचा कोनमापक थिओडोलाइट, १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याला आलेलं मरण, तिथली त्याची कबर. पुढे १८५५ पासून काश्मीर आणि लडाखकडे सरकलेली त्रिकोणांची साखळी, हे मी रंगवून सांगायचो. अर्ध्या टनाचं ते यंत्र कोणी उचललं असेल, हा विचार कधी मनात आला नाही. तो यायला माझ्याइतकं जवळचं कारण दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

समजूत फुटली ती मसाई पठारावरच्या एका प्रॅक्टिकलमुळे. पन्हाळ्याच्या पलीकडचं हे पठार वरून जांभ्याचं आणि उघडंबोडकं, कडेला उभे कडे. मुलांना लेव्हलिंग, म्हणजे उंचीचे फरक मोजणं, आणि समोच्च रेषा शिकवायला मी तिथली एक बाजू निवडली. पद्धत पुस्तकातली: जमिनीवर वीस वीस मीटरांची चौकट आखायची, प्रत्येक कोपऱ्यावर स्टाफ उभा करायचा, डंपी लेव्हलच्या दुर्बिणीतून रीडिंग घ्यायचं, आणि दोन बिंदूंमधला उतार एकसारखा आहे असं धरून रेषा काढायच्या. हुशार मुलं यंत्रावर आणि फील्डबुकावर. स्टाफ धरायला मागच्या बाकावरची. काम नीटनेटकं झालं. हिशेब जुळले. शीट घरी आणून सोप्यात जमिनीवर अंथरली आणि मी पेन्सिलीच्या रेषा शाईने पक्क्या करत बसलो.

आबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. शेंगा फोडत बसले होते. शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजी आकड्यांपलीकडे इंग्रजी वाचता येत नसे. शीटचा कोपरा वाऱ्याने उडत होता म्हणून त्यांनी त्यावर अडकित्ता ठेवला आणि तिथूनच, शीट त्यांच्या बाजूने उलटी असताना, बघत राहिले.

"कुठली जागा म्हणायची ही?"

"मसाईचं पठार. कडेचा भाग."

"ह्यो वढा न्हवं?" त्यांनी बोट ठेवलं.

"हो."

"मग ह्यो वर चढाय लागलाय की."

मी वाकून पाहिलं. समोच्च रेषा ओढा ओलांडते तेव्हा तिचं टोक ओढ्याच्या उगमाकडे वळतं. हे मी वर्षानुवर्षं पहिल्याच तासाला शिकवत आलो होतो. माझ्या शीटवर टोकं खालच्या बाजूला वळलेली होती. रेषांच्या हिशेबाने तिथे ओढा नव्हताच, सोंड होती. त्यांचं बोट पुढे सरकलं आणि पठाराच्या काठावर थांबलं.

"हितं कडा आसंल. तुमी उतार दावलाय."

कडा होताच. मी स्वतः त्यावर उभा राहिलो होतो. शीटवर तो कुठेच नव्हता, सगळ्या रेषा सारख्या अंतराने शांतपणे खाली उतरत होत्या.

"काठी कोन धरत हुतं?" आबांनी विचारलं.

"मुलं. कोणीतरी."

हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि तो कोणाला उद्देशून गेला ते लगेच कळलं. सगळा जन्म काठी धरण्यात घालवलेल्या माणसाला मी सांगत होतो की ती कोणीतरी धरतं. त्यांनी रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते शेंग फोडत होते, ती फोडून झाल्यावर म्हणाले, "कुनीतरी न्हाई धरायची. उतार जिथं मोडतोय तिथं हुबं ऱ्हायाचं आसतंय. सायबाला लांबनं काय दिसतंय? दुर्बिणीत निस्तं आकडं दिसत्यात."

आणि मी काय केलं? पहिल्यांदा मला राग आला. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्याने चूक दाखवली की जो येतो तो. 'आबा, पुस्तकात चौकटीचीच पद्धत आहे' असंही मी म्हणालो. हे लिहायला आजही जड जातं, पण तो राग वगळून बाकीचं सांगितलं तर मी एका दमात शहाणा झालो असं वाटेल, आणि तसं झालं नाही. रात्रभर मी शीट डोळ्यांसमोरून हलवू शकलो नाही. ते म्हणाले ते भूमितीच्या दृष्टीने बिनचूक होतं. दोन बिंदूंमधला उतार एकसारखा धरायचा, तर तो जिथे बदलतो त्या प्रत्येक जागी स्टाफ पडायलाच हवा: कड्याच्या माथ्यावर, कड्याच्या पायथ्याशी, ओढ्याच्या तळात, काठाच्या ओठावर. माझ्या चौकटीचे कोपरे जिथे पडले तिथे पडले. ओढ्याच्या तळात एकही पडला नव्हता, आसपास दोनदा पडला तो काठावरच्या धोंड्यावर. कड्याचा माथा आणि पायथा दोन्ही सुटले होते. म्हणजे भूउठाव कळण्याची जागा दुर्बिणीमागे नव्हती. ती स्टाफपाशी होती. प्रत्येक वेळी कुठे उभं राहायचं, हा निर्णय तिथला माणूस घेत होता, आणि यंत्रावरचा माणूस त्याने निवडलेल्या जमिनीचाच आकडा लिहीत होता.

पुढच्या रविवारी मी आबांना जीपमधून पठारावर नेलं. बरोबर तीन-चार मुलं. यंत्र मी लावलं, आबांनी काठी घेतली. कुठे उभं राहायचं हे मी सांगायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. सांगण्यासारखं काही नव्हतंही. ते आधी काठी न घेताच एकदा खालपर्यंत जाऊन आले, ओढ्यात उतरले, कड्याच्या अंगाने चालले. मग काठी घेऊन पहिल्या जागेवर उभे राहिले.

मी दुर्बिणीला डोळा लावला. आमच्या जुन्या डंपी लेव्हलमध्ये प्रतिमा उलटी दिसायची. आबा उलटे दिसत होते, पाय वर, फेटा खाली, दोन्ही तळव्यांच्या मध्ये काठी. आणि काठी हळूहळू पुढेमागे झुलत होती. काठी तिरकी असली की रीडिंग वाढतं, सरळ उभी होते त्या क्षणी ते सगळ्यात कमी असतं. म्हणून ती सावकाश झुलवायची आणि निरीक्षकाने कमीत कमी आकडा घ्यायचा. पुस्तकात ही एक ओळ आहे. मुलं काठी झुलवायची तेव्हा ती थरथरायची, आकडे पळायचे. आबांच्या हातात ती इतकी संथ चालली होती की आकडा खाली येताना, थांबताना आणि परत वर जाताना मला स्वच्छ वाचता येत होता. आपला बाप कामावर कसा दिसतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहिलं ते साहेबाच्या जागेवरून. डोळा काढावासा वाटत नव्हता. एका मुलाने "सर, रीडिंग?" म्हणून विचारलं तेव्हा भानावर आलो.

आम्ही आधीपेक्षा पुष्कळ कमी बिंदू घेतले. शीट पुन्हा काढली. ओढ्यावर रेषांची टोकं वर वळली, काठावर रेषा एकमेकींना चिकटल्या आणि कडा उभा राहिला.

आमच्याकडे चैत्रात जोतिबाला सासनकाठ्या जातात. काठी पेलणाऱ्याला गाव वाट करून देतं, त्याच्या पाया पडतं. मीही पडलो आहे. घरात मात्र काठी धरणाऱ्याचा मुलगा म्हणवून घ्यायला मला कमीपणा वाटत होता.

त्यानंतर आबा लडाखबद्दल बोलू लागले, कारण मी विचारू लागलो. जागांची नावं त्यांनी त्या वेळीही घेतली नाहीत. खात्याची शिस्त अंगात मुरली होती. पण काम कसं चालायचं ते सांगायचे. लहान प्रमाणाच्या शीटेला साहेब प्लेन टेबल आणि क्लिनोमीटर घेऊन उंचावर बसायचा, पुढे हवाई छायाचित्रंही आली. आबांची काठी लेव्हलिंगच्या लाइनीवर आणि रस्त्यासाठी वगैरे काढायच्या मोठ्या प्रमाणाच्या शीटांवर. रीडिंग सकाळी. ऊन चढलं की खडीच्या माळावरून हवा लवलवायला लागते, आकडे पाण्यात बुडाल्यासारखे हलतात. दुपारनंतर वारा, तो काठी हिसकावून नेणारा. हवा इतकी विरळ आणि स्वच्छ की समोरची टेकडी हाताशी वाटायची आणि चालत गेलं की दिवस मावळायचा. त्या उंचीवर पेटी खांद्यावर घेतल्यावर दहा पावलांवर थांबावं लागायचं, हे ते इतक्या सहज सांगायचे की मला पुन्हा विचारावं लागायचं.

एकदा दोन कोरड्या ओढ्यांमधल्या सपाट खडीवर काम होतं. डोळ्याला माळ एकदम सारखा. पाणी नेमकं कुठून इकडे आणि कुठून तिकडे जातं, ते साहेबाला हवं होतं. यंत्रातून काही कळत नव्हतं. आबा अर्धा दिवस वाकून चालत राहिले, धोंड्यांच्या आडोशाला साचलेली वाळू बघत. पाणी वाहून गेलं की धोंड्याच्या खालच्या अंगाला बारीक वाळूची शेपटी राहते. पण शेपटी वाराही करतो. मग? "वाऱ्याची वाळू सैल आसती. पान्याची दाबली की पापुद्रा मोडतोय." बोटाने दाबत दाबत ते एका पट्ट्यापाशी आले, तिथून पुढे पापुद्र्याच्या शेपट्या उलट्या दिशेला होत्या. तिथे त्यांनी काठी उभी केली.

मी ज्याला रिकामं म्हणत होतो त्या जमिनीचा अर्थ मला इथे लागला. लडाखच्या पूर्वेला चांगथांगचा जो उंच वाळवंटी भाग आहे, तिथे पाण्याला समुद्राकडे जाण्याची सक्ती नाही. त्सो मोरिरी आणि त्सो कार ही साडेचार हजार मीटरच्या आसपासची सरोवरं, पँगाँग त्यांच्यापेक्षा थोडं खाली. तिन्ही आज बाहेर वाट नसलेली, म्हणून कमीअधिक खारट. पँगाँगचं पाणी एके काळी श्योककडे आणि पुढे सिंधूला जात होतं; वाट अडली आणि ते सरोवर बंद झालं. तिथल्या काठांवर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या खुणा आज पाण्याच्या पातळीच्या वर दिसतात. हेन्री गॉडविन-ऑस्टिनने १८६३ साली त्या भागात सर्वेक्षण करताना पँगाँगची बारकाईने नोंद केली, ती का, हे मला तोवर कळलं नव्हतं. अशा देशात एखादा ओढा सिंधूचा की सरोवराचा, हे चार-पाच मीटरांच्या चढावर ठरतं. आपल्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या शीटवर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरांचं अंतर, डोंगराळ भागात चाळीसही. म्हणजे सगळा निवाडा दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत होतो. तिथे कोणी उभं राहून उंचीचा एक ठिपका टाकला तरच तो कळतो. सह्याद्रीत चूक झाली तर डोळ्याला दिसते, धार समोर असते. त्या माळावर दिसत नाही. मी ज्याला सोपं म्हणत होतो ते सर्वांत कठीण होतं.

मग मी जुनी पुस्तकं नव्या नजरेने वाचली. नैनसिंह रावत हे नाव मला माहीत होतं, ते मिलमच्या शाळेत मास्तर होते हे मात्र मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. जपमाळेत एकशे आठऐवजी शंभर मणी, दर शंभर पावलांना एक मणी, असं अंतर मोजत ते १८७४ च्या जुलैत लेहहून निघाले आणि चांगथांग ओलांडून नोव्हेंबरात ल्हासाला पोचले. पाण्याचा उत्कलनबिंदू बघून उंची काढायची. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना पदक दिलं. त्यांना नाव तरी मिळालं. स्पितीतल्या शिल्ला शिखरावर १८६० साली सर्व्हेचा एक खलाशी खुणेचा खांब घेऊन चढला असं सांगतात. शिखराची उंची तेव्हा सात हजार मीटरच्या वर धरली होती, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं इतक्या उंचीवर पोचलेला तो पहिला माणूस मानला जाई. नंतरच्या मोजणीत शिखर सहा हजार शंभर मीटरच्या आसपास भरलं. उंची चुकली ती मोजणाऱ्यांची, आणि विक्रम गेला तो खलाशाचा. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून सोप्यात जाऊन आबांशेजारी बसलो. बोललो काही नाही.

आता कोणी म्हणेल, उपग्रहाच्या काळात याचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि आबांच्या प्रेमापोटी मी त्याला बगल देणार नाही. २००० च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने अकरा दिवसांत जगाच्या बहुतेक जमिनीची उंची टिपली. २००५ साली आपला कार्टोसॅट-१ गेला, तो जमिनीचे दोन कोनांतून फोटो घ्यायचा, त्यावरून उंची निघते. चांगथांगच्या शीटेसाठी आज कोणाला ओठ फोडून घ्यायची गरज नाही, आणि हे चांगलंच झालं. पण ती रडारची उंची आपल्याला पहिल्यांदा मिळाली ती दर नव्वद मीटरांना एक, नंतर तीस. मी संगणकावर मसाई पठार उघडून पाहिलं. काठाचा कडा गुळगुळीत झालेला होता, माझ्या मुलांच्या पहिल्या शीटेसारखाच. चौकट वरून टाकली काय आणि जमिनीवर टाकली काय, उतार कुठे मोडतो ते तिला ठाऊक नसतं.

माझ्या प्रॅक्टिकलमध्ये एकच फरक झाला. यंत्रावर सगळ्यांनी पाळीपाळीने बसायचं, पण ज्याला जमीन सर्वांत जास्त कळते त्याने स्टाफ धरायचा. आणि फील्डबुकात शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक रीडिंगसमोर स्टाफ कोणी धरला त्याचं नाव. अभ्यासक्रमात हे नाही. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी तो रकाना पाहून विचारलं, हे कशाला? मी म्हणालो, आकडा चुकला तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. 'सर्वेक्षण विभागात आहेत' म्हणायची जुनी खोड त्या उत्तरात शिल्लक होती. माझे वडील खलाशी होते आणि त्यांचं नाव कुठल्याही फील्डबुकात नाही, हे त्या गृहस्थांना तेव्हाच सांगायला हवं होतं.